छातीतलं पाणी आणि मातीची आण

आधी माझ्या जोडीदाराचं सांगतो, काय झालं ते मागाहून. मैदानात उतरलेला पैलवान आधी मातीला हात लावतो, मग समोरच्याला. तीच रीत इथंही ठेवतो.

माझा जोडीदार नेसरीकडचा. तालमीत नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, ज्याच्या त्याच्या मुलखानं मारायची. तो नेसरी, मी परभणी. खरं नाव त्याला चालणार नाही. छापून आलेलं कळलं तर फोनवर शिव्या घालील, आणि नेसरीकरांच्या शिव्या ऐकायला छाती लागते. माझी आता अर्धीच चालते.

त्यानं माझ्यासाठी केलं काय, तर मला दिलेला शब्द मोडला. तो मोडला म्हणून मी आज हे लिहायला आहे.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. नववीच्या वर्गात बसलो होतो, पण मन आखाड्यात. आमच्या गावच्या जत्रेत मी दोन-तीन मोठ्या पोरांना आडवं केलं आणि बापाच्या डोक्यात बसलं की लेकराला कोल्हापूरला घालायचं. मास्तर घरी येऊन म्हणाले, दहावी तरी होऊ द्या. बाप म्हणाला, "मास्तर, दहावी झालेले पारावर बसून हाईत की." मला तेव्हा ते फार पटलं होतं. गावानं हलगी लावून मला एसटीत बसवलं. ती हलगी पुढं कितीतरी वर्षं माझ्या मानगुटीवर वाजत राहिली.

कोल्हापुरात आल्यावर पहिलं वर्ष भाषेतच गेलं. माझ्या "करायलोय, जायलोय"वर पोरं हसायची. नेसरीही हसायचा, पण ताटात भाकरी वाढताना माझ्या बाजूला एक जास्त सरकवायचा. त्याच्या घरी म्हशी, थोडा ऊस. महिन्याकाठी घरनं तूप यायचं, त्यातलं निम्मं माझ्या वाट्याला. वस्तादांनी आमची जोड लावून दिली, म्हणजे रोजची लढत आम्ही दोघांनी एकमेकांशी करायची. जोडीदाराला तुमचं अंग तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कुठला गुडघा कच्चा आहे, कुठल्या दिवशी मन लागत नाही, त्याला विचारावं लागत नाही.

लॉकडाऊन उठून तालमी पुन्हा भरल्या, त्याच्या पुढच्या हंगामातली ही गोष्ट. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. श्वास घेतला की सुरी फिरवल्यासारखं. खोकला आला तर डोळ्यांत पाणी. वस्तादांनी हात लावून बघितलं आणि सांगितलं, उसण भरलीय. पैलवानाला उसण भरणं म्हणजे कारकुनाच्या बोटाला शाई लागणं. वस्ताद स्वतः गरम तेल घेऊन बसले. त्यांचा अंगठा बरगड्यांच्या मधल्या खाचेतून असा फिरायचा की मी तोंडात टॉवेल धरायचो. संध्याकाळी अंग तापायचं, ते मेहनतीचं समजलो. पहाटे लंगोट घामानं भिजलेला असायचा. त्याचं कुणाला काय वाटणार? तालमीत कोण कोरडा असतो!

मग एक दिवस दुखायचं थांबलं.

आज मागं वळून बघतो तेव्हा याच जागी येऊन अडतो. दुखायचं थांबलं म्हणून मी वस्तादांच्या पाया पडलो. घरी फोन करून बापाला सांगितलं की बरा झालो. जोर वाढवले. पुढं डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं की फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं. ते सुजलं की श्वासाबरोबर दोन्ही एकमेकांवर घासतात, म्हणून दुखतं. आणि मधे पाणी साचलं की घासायचं थांबतं, म्हणजे दुखायचंही थांबतं. मी ज्याला बरं होणं समजून नारळ फोडला ते पाणी भरणं होतं.

धाप लागायला लागली. बैठका मारताना मधेच उभा राहायचो, लंगोट आवळल्यासारखं करायचो, म्हणजे दम घेतोय ते दिसू नये. तालमीतल्या काट्यावर वजन मात्र जवळजवळ तेवढंच. पैलवानाचा विश्वास आरशावर नसतो, काट्यावर असतो. दंड बारीक झाले होते, गालफडं आत गेली होती, आणि काटा म्हणत होता, सगळं ठीक आहे. माझ्या खुराकाचं वजन कधीच उतरलं होतं. काट्यावर उभं होतं ते पाणी.

हे पहिल्यांदा कळलं नेसरीला. लढतीत मी खाली होतो, तो पाठीवर कब्जा घेऊन बसला होता, गाल माझ्या पाठीला टेकलेला. डाव टाकायचा सोडून तो तसाच थांबला.

"ए परभणी, श्वास घे."

"घेतोय की."

"मोठा घे. आणखी एकदा." मग हळूच म्हणाला, "ल्येका, तुझी डावी बाजू वर येतीया. उजवी हलतच न्हाय."

मी त्याला झटकून उठलो. "डाव जमेना म्हणून गोष्टी सांगायलास काय?"

"गप की. मी काय मस्करी करतोय व्हय? चल, वस्तादांना सांगू."

पेठ वडगावजवळच्या एका गावचं कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलं होतं. तिथं माझी पहिली मोठी कुस्ती ठरली होती. बाप शेजाऱ्याला सोबत घेऊन बघायला येणार होता, गावात सांगून बसला होता. वस्तादांना कळलं असतं तर त्यांनी कुस्ती काढून घेतली असती. मी नेसरीचा हात धरला, आखाड्याच्या हौद्यातली माती उचलून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि म्हटलं, "मैदान होईपर्यंत बोलणार नाहीस. घे आण."

तालमीतल्या मातीची आण साधी नसते. त्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मुरलेली असते, रोज सकाळी तिची पूजा होते, आणि तिची आण मोडलेल्या माणसाबरोबर कुणी जोड लावत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माती कपाळाला लावली. त्याला नको होतं, हे मला दिसत होतं. दिसूनही मी हात सोडला नाही.

मधले दिवस तो माझ्याशी हळू लढायचा. पाठीवर बसायचं टाळायचा. रात्री मी उजव्या कुशीवर झोपायचो, दुसऱ्या कुशीवर दम कोंडायचा. त्याला झोप नव्हती, मला कळायचं, कारण मलाही नव्हती.

मैदानाच्या दिवशी हलगी कडाडत होती. पुकारा झाला, मी कपडे काढले, अंगाला माती लावली. समोरचा पैलवान शड्डू ठोकत होता. मी हात वर केला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. कुणाला दिसलं नसेल. नेसरीला दिसलं. तो दोरी ओलांडून पंचांकडं गेला आणि सगळ्या गर्दीसमोर मोठ्यानं म्हणाला, "कुस्ती सोडवा. ह्याच्या छातीत काय तरी हाय. मला म्हाईत हाय, मी आण घेतलेली."

एक क्षण हलगी थांबली. मग गर्दीचा जो आवाज उठला तो अजून कानात आहे.

"ओ पावणं, भ्या वाटतंय का?"

"आई बोलावतीया परभणीला, एसटी धरा जावा!"

"जोडीदार हाय का वैरी रं ह्यो?"

बाप पुढच्याच रांगेत होता. शेजाऱ्यानं मान खाली घातली. मी नेसरीला सगळ्यांदेखत म्हणालो, "आजपासून तू माझा कुणी नाहीस." वस्ताद आले. त्यांनी माझ्या पाठीवर दोन्ही पंजे ठेवले, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि म्हणाले, "श्वास घे." मी घेतला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण उजवा पंजा त्यांनी उचलून पुन्हा तिथंच टेकवला ते कळलं. तेच पंजे, तेच तेल, इतके दिवस.

तिथून थेट कोल्हापूरचा सरकारी दवाखाना. एक्सरेत उजवी बाजू खालून वरपर्यंत पांढरी. छातीच्या विभागातल्या डॉक्टरबाई वयानं आमच्याच आसपासच्या. त्यांनी पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टकटक केलं. वर पोकळ आवाज, खाली बद्द. बापाच्या मागं उभा असलेला नेसरी म्हणाला, "असंच आमी दुधाचा क्यान वाजवून बघतो, कुठंवर भरलाय त्ये." त्या म्हणाल्या, "मग सांगा, कुठंवर भरलाय?" त्यानं माझ्या पाठीवर बोट टेकवलं. मी त्याच्याशी बोलत नव्हतो, तरी अंग काढून घेतलं नाही.

सुई घालून पाणी काढलं. गवती चहा गाळून ठेवावा तसं पिवळसर, नितळ. बाटली भरत चालली आणि मला पहिल्यांदा खोल श्वास आला. बाटलीकडं बघून रडू आलं, वेदनेनं नाही. हेच मी रोज काट्यावर चढवत होतो.

"क्षयाचं असू शकेल," बाई म्हणाल्या. "पण पाणी दुसऱ्या आजारांतही साचतं. साधा संसर्ग, क्वचित गाठ."

बेडका तपासला, त्यात काही निघालं नाही. पाणीही जंतू शोधायला पाठवलं, पण त्या म्हणाल्या की या प्रकारात पाण्यात जंतू फार थोडे असतात, बऱ्याचदा सापडतच नाहीत, आणि वाढवून बघायचे तर आठवडे जातात. कशानंच उलगडलं नाही तर बरगड्यांमधून आवरणाचा तुकडा काढून बघावा लागेल. तुकडा म्हटल्यावर बापानं भिंत धरली. त्याआधी एक तपासणी होती, ए-डी-ए नावाची. त्या दिवशी ती तिथं होत नव्हती, पाण्याची नळी शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचवायची होती, गार ठेवून, पण गोठू न देता.

"मी नेतो," नेसरी म्हणाला.

पुढचं त्यानंच कधी तरी सांगितलं, हसत हसत. गोळेवाल्याकडनं त्यानं बर्फ मागून घेतला, डब्यात भरला. नळीला बर्फ थेट लागू नये म्हणून गुंडाळायला कापड हवं होतं. पिशवीत त्याचा नवा लाल लंगोट होता, हंगामातल्या पहिल्या मोठ्या कुस्तीसाठी घेतलेला, अंगाला न लावलेला. त्यात नळी गुंडाळली. प्रयोगशाळेतल्या पोरीनं डबा उघडला.

"हे काय आहे?"

"लंगोट हाय, म्याडम. कोरा हाय."

"आणि नमुना?"

"त्येच्या पोटात हाय."

अहवाल येईपर्यंत मी खाटेवर बसून एकच करत होतो, श्वास मोजायचा. अजून ती खोड गेलेली नाही. रांगेत उभा असलो, दुकानात असलो, तरी मनात चालू असतं, डावी आली, उजवी आली का? बाप पायाशी बसायचा. एकदाच म्हणाला, "लेकरा, गदा नको मला. माणूस जित्ता पाहिजे." मला वाटलं होतं तो मैदानाबद्दल बोलेल. त्यानं माझं पांघरूण सारखं केलं, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

चाळीसच्या पुढं आकडा गेला की क्षयाचा संशय बळावतो, आणि अहवालातला आकडा त्याच्या बराच वर होता. पाण्यातल्या पेशीही क्षयात ज्या जातीच्या वाढतात त्याच वाढलेल्या. नेसरी दाराशी उभा होता. मी त्याला आत ये म्हटलं नव्हतं. बाईंनीच बोलावलं.

"जंतू दिसला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग कशावरनं?"

बाई म्हणाल्या, "शरीरातल्या पांढऱ्या पेशी क्षयाशी झुंजायला लागल्या की या पाण्यात एक द्रव्य वाढतं. आपण ते मोजतो. जंतू हाती आला नाही तरी झुंज चाललीय हे कळतं. एकट्या आकड्यावर मी जात नाही, तो दुसऱ्या काही आजारांतही वाढतो. पण वय, ताप, एक्सरे, पेशी, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. आपल्याकडं एवढं असलं की औषध सुरू करतात. तुकडा काढायची गरज नाही."

नेसरी जरा विचार करून म्हणाला, "म्हंजे कुस्ती कुणी बघितली न्हाय, पर पाठीला माती लागलीया."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "हे मी विद्यार्थ्यांना सांगेन." आणि मला हसू आलं. हसलो तेव्हा उजवीकडं टोचलं, आणि त्याच टोचण्यात माझा अबोला सुटला. मी त्याला जवळ बसायला सांगितलं. माफी मागितली असं काही झालं नाही. तो म्हणाला, "सरक की तिकडं, सगळी खाट धरून बसलाय."

औषधं सहा महिने चालली, सरकारी, फुकट. बाप गावाकडं चल म्हणाला. मी गेलो नाही. ज्यांनी हलगी लावून पाठवलं त्यांच्यापुढं गोळ्यांची पाकिटं घेऊन कसं उतरायचं, असं वाटलं. बाप एकटाच एसटीत बसला. खिडकीतून त्यानं हात केला नाही, माझ्याकडं बघत राहिला. त्याच्याबरोबर जायला हवं होतं. तो अजून फोनवर विचारतो, "कधी येणारस?" आणि मी अजून सांगतो, "येतो की."

तालमीतल्या सगळ्या पोरांची तपासणी झाली. कुणाला काही नव्हतं. बाईंनी येऊन सांगितलंही, आजार आवरणात आहे, फुफ्फुसात नाही, बेडक्यात जंतू नाहीत, याच्यापासून कुणाला धोका नाही. तरी माझा तांब्या वेगळा झाला. कुणी सांगितलं नाही, आपोआप झाला. नेसरी मुद्दाम त्याच तांब्यातून पाणी प्यायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ढेकर द्यायचा.

औषध संपल्यावर फुंकर मारून बघायच्या यंत्रावर श्वास मोजला. आजार गेला होता. पण उजवं फुफ्फुस पुरतं उघडलं नाही. पाणी फार दिवस राहिल्यानं आवरण जाड झालं होतं, चिकटलं होतं. रोजचं काम होईल, चालणं-फिरणं होईल, कुस्ती नाही.

"आधी आलो असतो तर?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "कदाचित. सांगता येत नाही."

नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. हो म्हणाल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. या "कदाचित"बरोबर मी राहतो. दुखायचं थांबलं तो दिवस, पाठीवर गाल टेकवून तो थांबला तो दिवस. त्या दोन दिवसांपैकी एकात जरी मी दवाखान्यात गेलो असतो! पाणी तेच निघालं असतं, आकडा तोच आला असता, आणि बाकी सगळं कदाचित वेगळं झालं असतं.

माझं एकट्याचं गेलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्याचंही गेलं. आण मोडणाऱ्याशी जोड लावायला कुणी तयार होईना. वस्तादांनी सगळ्यांना झापलं, "त्यानं मोडली म्हणून पोरगं वाचलं रं!" पोरं मान हलवायची आणि लढतीच्या वेळी दुसरीकडं सरकायची. कुणी वाईट नव्हतं. मातीची भीती होती त्यांना, जशी मलाही आहे. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच होती. हौद्याच्या काठावर बसायचा, पाय आत सोडायचा नाही.

"उतर की," मी म्हणायचो.

"उतरतो. उद्या."

तो हंगाम तसाच गेला. पुढच्या हंगामाला म्हशी बघायला माणूस नाही म्हणून तो नेसरीला गेला, तो तिकडचाच झाला. त्याच्या हातात मोठ्या गटात खेळायची ताकद होती, हे मी त्याच्या खाली पडून सांगतो, काठावर बसून नाही.

मी इथंच राहिलो. वस्तादांनी मला हौद्याचं काम दिलं. माती खणायची, चाळायची, ताक-तेल घालून मुरवायची, रोज पहाटे खाली-वर करायची. दम लागला की थांबतो, आता लपवत नाही. नवीन पोरगं आलं आणि उसण भरली म्हणालं की मी त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवतो. पोरं हसतात, म्हणतात, परभणीदादा डॉक्टर झाले. हसू देत. दुखायचं आपोआप थांबलं असं कुणी सांगितलं तर मी त्याला उचलून दवाखान्यात नेतो.

तो लाल लंगोट माझ्या ट्रंकेत आहे. डब्याबरोबर दवाखान्यात परत आला तो तिथंच राहिला होता, मी वाळवून ठेवला. अजून कोराच आहे.

परवा नेसरीचा फोन आला. त्यांच्या भागात पोरांसाठी एक लहान तालीम उभी करायचं चाललंय. म्हणाला, "जागा हाय, छपराला पत्रं हाईत, पर माती करायला कोण न्हाय." मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तो म्हणाला, "परभणी, हाईस का? का दम लागला?"

लागला होता. तर आता इथं, छापून, सांगून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता यायचं नाही. गड्या, ती माती मी करीन. माझ्या हातानं चाळीन, मुरवीन, सगळा हौदा भरून देईन. त्या मातीवर कुणी आण घेतलेली नसेल, कुणी मोडलेली नसेल. आणि पहिल्या दिवशी पोरांच्या आधी तू उतरायचंस, तो लंगोट लावून. मी काठावर बसून हलगी वाजवीन. फुंकायची नसते ना ती, हातानंच वाजवायची असते. तेवढं मला जमतं.